सुडाचा हिशेब आणि होळकरांचे इंदूर

सूड म्हणजे अपकाराची अशी परतफेड, जी अपकार सोसणारा किंवा त्याची माणसे स्वतःच्या हाताने करतात. शिक्षेतही दुःख दिले जाते, पण ते तिऱ्हाईत देतो, आधी जाहीर केलेल्या नियमाने देतो आणि त्याचे माप अपराधावरून ठरवतो. सुडात माप संतापाच्या हाती असते. स्वसंरक्षण या दोहोंहून निराळे. तिथे घाव पडत असतो किंवा पडायच्या बेतात असतो. सुडाच्या वेळी घाव पडून गेलेला असतो आणि उलट घाव घातल्याने गेलेला जीव परत येत नाही, हे सूड घेणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते. अहिंसेच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप बहुधा इथेच येतो, मात्र त्यांच्यापैकी जे विचारी होते त्यांनी अन्याय गिळून बसण्याला अहिंसा म्हटलेले नाही.

सूड कधी समर्थनीय ठरतो का, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा महाभारताच्या आधाराने होते. द्रौपदीचे मोकळे केस, अश्वत्थाम्याचा रात्रीचा हल्ला, जनमेजयाचे सर्पसत्र हे दाखले सर्वांना पाठ असतात. इतिहासातली उदाहरणे कमी भव्य असली तरी जास्त उपयोगी आहेत, कारण सुडाची किंमत अखेर कुणी मोजली हे त्यांत स्पष्ट दिसते. होळकरांच्या घराण्यात आणि त्यांच्या इंदूर शहरात अशी उदाहरणे अडीचशे वर्षांत एकामागून एक सापडतात.

पहिले उदाहरण कुंभेरीचे. १७५४ च्या आरंभी रघुनाथरावांच्या उत्तरेकडील मोहिमेत मराठी फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा घातला. भांडण खंडणीचे होते. मराठ्यांची मागणी एक कोटीची होती आणि सूरजमल चाळीस लाखांवर यायला तयार नव्हता असे नाही, पण त्यापुढे जाईना. मार्चमध्ये मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने ठार झाला. सती जायला निघालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी विनवण्या करून मागे फिरवले, ही गोष्ट मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते. त्याच शोकात त्यांनी केलेली प्रतिज्ञा त्यामानाने कमी आठवली जाते. सूरजमलाचे शीर कापीन, कुंभेरीची माती खणून यमुनेत टाकीन, नाहीतर प्राण देईन, अशी ती प्रतिज्ञा होती.

सुडाच्या बाजूने जे काही बोलता येईल ते सगळे या प्रतिज्ञेत आहे. मेलेल्या माणसाला स्वतःसाठी काही मागता येत नाही. त्याच्या वतीने कुणीच काही मागितले नाही, तर त्याच्या जिवाचे मोल शून्य होते असा अर्थ होतो, आणि मागे राहिलेल्यांना तो अपमान मरणापेक्षा जड वाटतो. सुडाची प्रेरणा म्हणजे निव्वळ रानटीपणा, असे म्हणून ती उडवून लावणाऱ्यांना हा भाग कळलेला नसतो. त्या प्रेरणेच्या तळाशी निष्ठा असते.

पण याच प्रतिज्ञेत सुडाची मोठी खोटही आहे. खंडेराव खून होऊन मेला नव्हता. तो वेढा घालणाऱ्या फौजेत होता, फौज पैसा वसूल करायला आली होती, आणि गोळा घरात बसलेल्या माणसांनी स्वतःच्या बचावासाठी डागला होता. कुठल्याही तिऱ्हाइताने सूरजमलाला अपराधी ठरवले नसते. बापाच्या दुःखाला मात्र ही चौकशी करायला उसंत नव्हती, आणि ती नसते. दुःख जितके खरे, तितका आपला दावाही खरा असे दुःखिताला वाटू लागते.

प्रतिज्ञा पुरी झाली नाही. सूरजमलाची राणी हंसिया हिने तेजराम कटारा याच्या हाती आपल्या नवऱ्याची पगडी जयाप्पा शिंद्यांकडे पाठवली आणि पगडीभाऊ या नात्याने संरक्षण मागितले. जयाप्पांनी पगडीचा मान राखला. मे महिन्यात तीस लाखांच्या हप्तेबंदीवर तह झाला आणि वेढा उठला. मल्हारराव संतापले, शिंदे आणि होळकर यांच्यातली आधीचीच फट त्यानंतर आणखी रुंदावली.

सात वर्षांनी पानिपत झाले. १४ जानेवारी १७६१ नंतर उपाशी, उघडी, जखमी मराठी माणसे हजारोंच्या संख्येने दक्षिणेकडे पळत सुटली, तेव्हा त्यांना अन्न, कपडे आणि औषधपाणी मिळाले ते सूरजमलाच्या मुलखात. जखमी समशेर बहाद्दराने अखेरचा श्वास घेतला तोही तिथेच. सूरजमलाजवळ जुने उट्टे काढायला पुरेसे कारण होते: याच फौजांनी त्याचा किल्ला वेढला होता, आणि पानिपतच्या मोहिमेच्या सुरुवातीला त्याने दिलेला सल्ला झिडकारला होता. कुंभेरीची माती सात वर्षांपूर्वी यमुनेत गेली असती, तर या पळणाऱ्या माणसांना दार उघडायला कुणी उरले नसते. पुढचा प्रसंग तर नाटककाराने रचला असता तर अतिरेकी वाटला असता. डिसेंबर १७६३ मध्ये सूरजमल नजीबखान रोहिल्याशी लढताना पडला. त्याचा मुलगा जवाहरसिंह बापाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी दिल्लीवर चालून गेला आणि त्याने भाड्याने फौज घेतली ती मल्हारराव होळकरांची. ज्याचे डोके उडवायची शपथ घेतली होती त्याच्याच सुडासाठी मल्हारराव पैसे घेऊन उभे राहिले, आणि मग नजीबशी असलेल्या जुन्या घरोब्यामुळे त्यांनी तोही सूड अर्ध्यावर सोडून दिला. राजकारण सुडाला असे वळवून घेते तेव्हा ते निष्ठुर दिसते, पण त्यात काही जीव वाचतात.

दुसरे उदाहरण इतक्या सहज सुटले नाही. १५ ऑगस्ट १७९७ रोजी तुकोजी होळकर पुण्यात वारले. त्यांना चार मुलगे होते. थोरल्या काशीरावाला दौलतराव शिंद्याचा पाठिंबा, तर धाकट्या मल्हाररावाच्या बाजूला विठोजी आणि यशवंतराव. महिन्याभरातच शिंद्याच्या फौजेने पुण्यात मल्हाररावाचा तळ रात्री घेरून त्याला ठार केले. त्याची गरोदर बायको शिंद्याच्या ताब्यात गेली, पुढे जन्मलेला मुलगा खंडेराव कैदेतच वाढू लागला. विठोजी आणि यशवंतराव निसटले. यशवंतरावाने भिल्ल, पेंढारी, पठाण जमवून माळव्यात स्वतःची फौज उभी केली. विठोजीने दक्षिणेत लूटमार करून पेशव्याला सतावले, तो पकडला गेला, आणि एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यापाशी त्याला हत्तीच्या पायी देण्यात आले. पेशवा दुसरा बाजीराव ती शिक्षा पाहायला हजर होता.

विठोजी बंडखोर होता, त्याला शिक्षा होणे त्या काळच्या रीतीत बसणारे होते. पण ज्या तऱ्हेने ती दिली गेली त्यात शिक्षेपेक्षा सूड जास्त होता, आणि बाजीरावाच्या मनातला हिशेब १८०१ मध्ये सुरू झालेला नव्हता, तो जुना होता. त्याचे वडील रघुनाथराव यांना बारभाईंनी पदच्युत केले, त्या कारस्थानाला शिंदे आणि होळकरांचे बळ मिळाले होते, आणि बाजीरावाचे बालपण व तारुण्य नजरकैदेत गेले होते. त्याच्या लेखी तो जुने देणे चुकते करत होता. सुडाच्या प्रत्येक साखळीत हीच अडचण येते: प्रत्येक पक्ष आपल्याला बसलेल्या घावापासून मोजायला सुरुवात करतो, त्यामुळे दोघेही एकाच वेळी स्वतःला फेडणारे आणि समोरच्याला सुरुवात करणारा समजतात.

यशवंतरावाने मागणी मांडून पाहिली नव्हती असे नाही. पुतण्या खंडेरावाची सुटका व्हावी, होळकरांची दौलत त्याच्या नावे मान्य व्हावी, शिंद्याला आवर घालावा, अशा त्याच्या मागण्या पेशव्यापर्यंत पोचल्या होत्या. त्या मानल्या गेल्या नाहीत. इथे सुडाचे समर्थन सर्वांत भक्कम होते. दाद मागायची ती पेशव्याकडे, आणि भावाला हत्तीच्या पायी देणारा पेशवाच. न्यायाधीशच प्रतिवादी असेल तेव्हा फिर्यादीने काय करावे, या प्रश्नाला अहिंसावाद्यांनाही झटपट उत्तर देता येत नाही.

यशवंतरावाने दिलेले उत्तर मात्र कुणावर कोसळले ते पाहिले पाहिजे. जुलै १८०१ मध्ये त्याने उज्जैनजवळ शिंद्याच्या कवायती पलटणी मोडल्या आणि शहराकडून जबर पैसा वसूल केला. उज्जैनच्या सावकारांनी आणि बाजारकऱ्यांनी होळकरांचे काहीच बिघडवले नव्हते. ऑक्टोबरमध्ये शिंद्याचा सासरा सर्जेराव घाटगे त्याची भरपाई करायला इंदुरावर आला. होळकरांचा पराभव झाला, शहर कित्येक दिवस लुटले गेले, माणसे मारली गेली आणि राजवाड्याला आग लावली गेली. इंदूरकरांनी तरी शिंद्याचे काय केले होते? पुढच्या वर्षी यशवंतराव दक्षिणेत उतरला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या लढाईत त्याने शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला. त्यानंतरच्या महिन्यांत पुणेकरांच्या घरांच्या जमिनी पैशासाठी खणल्या गेल्या. म्हणजे विठोजीच्या मरणाचा दाम उज्जैन, इंदूर आणि पुणे या तीन शहरांच्या रहिवाशांनी भरला, आणि ज्याने हुकूम दिला तो बाजीराव सुखरूप वसईला पोचला.

३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात तो पुन्हा गादीवर बसला. पुढचे सर्वश्रुत आहे. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा यशवंतराव बाजूला राहिला. १८०४ मध्ये तो लढायला उतरला तेव्हा शिंदे हरलेले होते. तो किती मोठा सेनानी होता हे इंग्रज सेनापती मॉन्सनच्या पळापळीवरून दिसते, पण एकट्याने लढण्याची पाळी त्याच्यावर आली ती या हिशेबांमुळे. १८०५ मध्ये लॉर्ड लेक पाठीवर असताना त्याला आसरा मिळाला भरतपुरात, सूरजमलाचा मुलगा रणजितसिंह याच्याकडे. लेकचे चार हल्ले किल्ल्याने परतवले. मराठ्यांना जाटांकडून दोनदा मिळालेली ही मदत कुंभेरीचा सूड अपुरा राहिल्याचे फळ आहे, असे म्हणायला हरकत नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज संपली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. जळलेला राजवाडा पुन्हा उभा राहू लागला तो त्या काळात.

परतीचा घाव मूळ घावापेक्षा मोठा का होतो, याचे एक साधे कारण शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. २००३ साली लंडनमधल्या संशोधकांनी जोडीजोडीने माणसे बसवून एक प्रयोग केला. एकाच्या बोटावर यंत्राने दाब द्यायचा, त्याने तेवढाच दाब दुसऱ्याच्या बोटावर द्यायचा, दुसऱ्याने तेवढाच परत. प्रत्येक जण प्रामाणिकपणे समान दाब देत असल्याचे सांगत होता, तरी दर पाळीला दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. स्वतः दिलेला दाब मेंदूला कमी जाणवतो, सोसलेला पूर्ण जाणवतो. जशास तसे करू पाहणारा माणूस खोटारडा नसतानाही जास्तच करतो, तो यामुळे. २००८ साली अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात फसवणूक करणाऱ्या भिडूला दंड करायची संधी मिळालेल्यांना नंतर बरे वाटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ज्यांना ती संधी मिळाली नाही त्यांच्यापेक्षा ते जास्त खिन्न निघाले, कारण दंड करून झाल्यावर ते त्या माणसाचाच विचार करत राहिले. बोटांवरच्या दाबावरून खुनाच्या सुडाबद्दल ठाम निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उज्जैन, इंदूर, पुणे हा चढता क्रम मात्र त्याच जातीचा आहे.

सुडाच्या बाजूचा सर्वांत व्यवहारी युक्तिवाद धाकाचा आहे. जिथे पोलीस पोचत नाही, कोर्टात तारखांवर तारखा पडतात आणि पाटील-जमीनदार एका बाजूचे असतात, तिथे हा माणूस उलटून मारतो अशी ख्याती हेच गरिबाचे संरक्षण असते. मध्यप्रदेशात चंबळच्या बेहडांत, म्हणजे घळींच्या मुलखात, हा युक्तिवाद कित्येक पिढ्या जगला. तिथल्या डाकूंपैकी अनेक जण जमिनीच्या आणि मानापमानाच्या भांडणात सूड घेऊन बेहडात उतरले होते आणि स्वतःला डाकू न म्हणता बागी, म्हणजे बंडखोर, म्हणवत होते. मान टिकायचा, पण संरक्षण टिकत नसे. एका खुनाने मिळवलेला धाक समोरच्या घरात पुढचा बागी तयार करत असे.

विनोबा भावे १९६० मध्ये या प्रदेशातून पायी फिरले. डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीच्या शिक्षेखाली नैनीच्या तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र लिहिले होते. मे महिन्यात वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. तिथून ते इंदूरला आले, महिनाभर राहिले, इंदूरला सर्वोदयनगर करण्याचे स्वप्न त्यांनी बोलून दाखवले आणि १५ ऑगस्टला तिथे विसर्जन आश्रमाची स्थापना झाली. इंदूर सर्वोदयनगर झाले नाही. बेहडातले काम मात्र पुढे सरकले: १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा इथल्या गांधी आश्रमात जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारखे मोठे टोळीप्रमुख शरण आले.

या मोहिमांवर टीकाही झाली, आणि ती ऐकण्यासारखी होती. मध्यप्रदेशचे तेव्हाचे पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी विनोबांच्या मोहिमेवर नाराज होते. डाकूंशी लढताना शिपाई मरत असताना डाकूंना हार घातले जात होते. त्याहून अवघड प्रश्न पीडितांचा होता. ज्यांची माणसे मारली गेली, पळवली गेली, त्यांना कुणी विचारले नव्हते. दुसऱ्याच्या वतीने सूड घेणे जितके शंकास्पद, तितकेच दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणे. अहिंसेच्या समर्थकांनी या आक्षेपाला फारसे समाधानकारक उत्तर दिलेले नाही. एवढे खरे की शरण आलेल्यांवर खटले चालले, शिक्षा झाल्या, मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात त्यांतल्या अनेकांनी वर्षे काढली. नाते तुटलेल्या दोन घरांमध्ये तिसरा कुणी उभा राहिला, हा त्या मोहिमेचा खरा लाभ होता.

मराठी विचारविश्वात हा वाद सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो टिळक आणि गांधी यांच्यात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी अहिंसा आणि क्षमा या धर्मांनाही अपवाद असतात असे दाखवले. त्यांचे म्हणणे असे की मनात वैर नसणे ही एक गोष्ट आणि दुष्टाचा प्रतिकार न करणे ही दुसरी. ज्ञानी माणूस पहिली पाळूनही दुसरी नाकारू शकतो. जानेवारी १९२० मध्ये यंग इंडियातून दोघांची जाहीर चकमक झाली. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा व्यवहार आहे आणि समोरचा जसा वागेल तसे वागण्याचा कृष्णाचा मार्ग इथे लागू पडतो, असे टिळकांनी लिहिले; गांधींनी ते मानले नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधींनीही लिहिले की भेकडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचे असेल तर हिंसा निवडावी. टिळकांना सूड मान्य होता असे मात्र यातून निघत नाही. वैर न धरता केलेल्या प्रतिकाराला त्यांनी जागा ठेवली, वैराला नाही. त्यांचे नाव घेऊन सुडाचे समर्थन करणारे नेमका हाच भाग वगळतात.

इंदुरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांची भूमिका या दोघांहून वेगळी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेहून परतणाऱ्या प्रतिनिधींवर सवर्णांच्या जमावाने काठ्या चालवल्या. प्रतिनिधींमध्ये सैन्यातून निवृत्त झालेले महार होते, उलट हल्ला करण्याइतकी संख्याही होती, आणि ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी तो शब्द दिला नाही. मारेकऱ्यांवर खटला भरला गेला आणि काहींना सक्तमजुरी झाली. आपण हे करू शकलो ते इंग्रजी अमलामुळे, पेशवाईत आपल्याला हत्तीच्या पायी दिले गेले असते, असे आंबेडकरांनी नंतर म्हटले. विठोजीला जी सोय नव्हती ती १९२७ मध्ये थोडीफार होती, आणि त्यांनी ती वापरली. अहिंसा त्यांना व्रत म्हणून मान्य नव्हती. बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद केला आणि बुद्धाची अहिंसा हे आंधळे बंधन नसून तत्त्व आहे, असे मांडले. हा भेद लावला तर सुडाला फारशी जागा उरत नाही, कारण सुडात इच्छा पुरेपूर असते आणि गरज टळून गेलेली असते.

सामूहिक सूड हा सगळ्यांत नीच प्रकार, कारण त्यात अपराधी हाती लागतही नाही आणि लागावा अशी अटही नसते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींचा खून करणारा मराठी ब्राह्मण निघाला, म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे, छापखाने, कारखाने जाळले गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात जळाला. अहिंसेच्या प्रवर्तकाच्या मृत्यूबद्दल निरपराधांची घरे जाळणाऱ्यांना त्यातली विसंगती जाणवली नाही. गांधींच्या मुलांना, मणिलाल आणि रामदास यांना, ती जाणवली. त्यांनी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. सरकारने ती मानली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला दोघांना फाशी झाली. इंदुरातही हा प्रकार घडला तो १९८४ मध्ये. इंदिरा गांधींच्या खुनानंतर शीख कुटुंबांवर जे हल्ले झाले त्यांत हे शहर सुटले नाही, आणि त्याच दंगलीत राजवाड्यालाही आग लागली. १८०१ च्या आगीनंतर उभारलेली इमारत अशा तऱ्हेने दुसऱ्या एका सुडात जळाली. पुढच्या दर्शनी भागामागचा बराचसा लाकडी वाडा नाहीसा झाला. त्याची पुनर्बांधणी होईपर्यंत दोन दशके गेली.

भारतीय कायद्याने सुडाला कधीच समर्थन दिले नाही, मात्र संतापाला थोडी सवलत दिली. १८६० च्या दंडसंहितेतला खासगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसाच आला आहे. धोका असेपर्यंतच तो टिकतो. हल्लेखोर पळाल्यावर त्याला गाठून मारणे बचावात बसत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. गंभीर आणि अचानक झालेल्या प्रक्षोभाच्या भरात खून घडला तर अपराधाची प्रत कमी होते. या सवलतीची सीमा ठरली ती मुंबईच्या नानावटी खटल्यात. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने त्यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, मुंबईतला जनमताचा कौलही त्यांच्याच बाजूचा होता. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यात सुमारे तीन तास गेले होते. मधल्या वेळात नानावटींनी कुटुंबाला सिनेमागृहापाशी सोडले आणि जहाजावरून रिव्हॉल्वर आणले. डोके थंड व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली, त्याआधी मृताच्या बहिणीची लेखी संमती घेतली गेली होती.

अशीच संमती इंदुराजवळच्या एका प्रकरणात चार दशकांनी पुन्हा महत्त्वाची ठरली. केरळमध्ये जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारी कर्जातून बाहेर काढण्याचे काम करत होत्या. बचत, बँकेचे कर्ज, सरकारी योजना यांची वाट त्या दाखवत, आणि त्यामुळे सावकारांचे उत्पन्न बुडत होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, सहप्रवाशांच्या डोळ्यांदेखत, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून ठार केले. मारेकरी पकडला गेला, जन्मठेपेवर गेला. आपल्याला या कामाला लावणाऱ्या माणसाला सुटून आल्यावर मारायचे असा बेत तुरुंगात आपण करत होतो, असे त्याने पुढे वार्ताहरांना सांगितले. ऑगस्ट २००२ मध्ये राणी मारिया यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. आईनेही त्याला मुलासारखे स्वीकारले. कुटुंबाने सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात झालेल्या सोहळ्यात कॅथलिक चर्चने राणी मारिया यांना धन्य घोषित केले.

या क्षमेला बेहडातल्या मोहिमेसारखा आक्षेप घेता येत नाही, कारण क्षमा करणारे तेच होते ज्यांचे माणूस गेले. शिवाय ती अन्यायाकडे डोळेझाक नव्हती: खटला चालला होता, दोष सिद्ध झाला होता आणि अकरा वर्षे शिक्षा भोगून झाली होती. तरी बहिणीच्या राखीने कायद्याच्या दृष्टीने गुन्हा मिटला नाही. भारतीय कायद्यात साधी दुखापत, बदनामी यांसारखे काही अपराध पीडिताच्या संमतीने आपसात मिटवता येतात, काही न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतात. खून यांपैकी कुठल्याच यादीत नाही. खुनाचा खटला राज्य चालवते, म्हणून मृताचे कुटुंब सुडाचा आग्रह धरून शिक्षा वाढवू शकत नाही आणि क्षमा करून ती रद्दही करू शकत नाही. त्याला अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचे वजन किती धरायचे हे शिक्षेत सूट देणारे शासन आणि राज्यपाल ठरवतात.